आधी नाव, मग पाणी

बातमी आली तेव्हा माझ्या दोन्ही हातांना शाई होती. शाळेत शिकवून झालं की धारवाडच्या ज्या छोट्या प्रेसमध्ये मी मुद्रितं तपासते, तिथला फोन वाजला आणि मालकांनी मला हाक मारली. पलीकडून आई बोलत होती. "परसूअण्णा गेले बघ. सकाळी चहा पिता पिता. ये तू." एवढंच. मी हात तसेच पदराला पुसले आणि हुबळीची बस धरली. लॉरी चालवणारा आणि नंतर लॉऱ्यांचे रेडिएटर दुरुस्त करणारा एक माणूस गेला होता. वर्तमानपत्रात त्याची ओळ येणार नव्हती, आणि आली नाही. आज पाच आठवड्यांनी ती मीच लिहायला बसले आहे.

दुसऱ्या दिवशी लॉरी स्टँडवर गेले. तिथल्या चालकांनी फळ्यावर खडूनं कानडीत लिहिलं होतं, 'परसप्पा ड्रायव्हर यांना श्रद्धांजली'. खाली उदबत्ती लावली होती. माया होती त्यात, नाही म्हणत नाही. पण मी खडू मागितला आणि 'परसप्पा ड्रायव्हर' पुसून 'परशुराम सिद्राम कांबळे' असं लिहिलं. तिथला एक म्हातारा चालक, अण्णांच्या बरोबरीचा, हळूच म्हणाला, "मेलेल्या माणसाला जात कशाला चिकटवतीस, अक्का?"

"जात नाही चिकटवत," मी म्हटलं. "नाव पुरं करालीय."

हे त्याला समजलं की नाही, माहीत नाही. मला समजायला मात्र एक दिवस लागला होता. तोच दिवस सांगायचा आहे... पण त्याआधी थोडे अण्णा सांगते.

आमची आणि अण्णांची भिंत एकच. माझे अप्पा कारखान्यात कामाला, आणि सुटी झाली की चळवळीची पत्रकं लिहायचे. मराठीत एक, कानडीत एक. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. इतर मुली भातुकली खेळायच्या त्या वयात मी पत्रकांच्या घड्या घालत होते. घडीला नख कसं फिरवायचं ते मला पाचव्या वर्षी येत होतं. 'सार्वजनिक पाणवठा सर्वांचा आहे' हे वाक्य मी कविता म्हणावी तसं म्हणत असे. आणीबाणीत अप्पांनी गठ्ठे चुलीत घातले नाहीत, अण्णांच्या लॉरीत सीटखाली ठेवायला दिले. अण्णांनी त्यातलं एकही कधी वाचलं नाही. त्यांना कानडी आकडे आणि गावांच्या पाट्या वाचता यायच्या, त्यापलीकडे अक्षरांशी त्यांचं फार जमलं नाही. मला ते 'पत्रकबाई' म्हणायचे. "काय पत्रकबाई, आज जग कुठवर बदललं?" असं रोज संध्याकाळी भिंतीवरून विचारायचे. मी चिडायचे. ते हसायचे.

अण्णांचं खरं शास्त्र गळतीचं होतं. लॉरीचा रेडिएटर गळायला लागला की इंजिन तापतं, आणि तापलेलं इंजिन घाटात बसलं की मालक चालकाच्या नावानं बोंबलतो. बहुतेकांचा उपाय एकच होता, रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायची. हळद फुगते, भेगेत जाऊन बसते, गळती थांबल्यासारखी वाटते. अण्णांना त्याचा मनस्वी राग. "भेगेत बसती तशी बारक्या नळ्यांतबी बसती ती," ते म्हणायचे. "आज थेंब थांबला, उद्या पाणी फिरायचंच थांबलं. झाकलेली गळती उघड्या गळतीपेक्षा वाईट." ते इंजिन पुसून कोरडं करायचे, वर चुन्याची भुकटी भुरभुरायचे आणि गाडी चालू करून नुसते बघत बसायचे. जिथून पाणी यायचं तिथं चुन्यावर एक ओली रेघ उमटायची. "आली बघ स्वतःहून सांगायला," म्हणत मग ते पाना उचलायचे. त्यांच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा डाग होता. एका मालकानं घाई केली म्हणून तापल्या रेडिएटरचं झाकण उघडलं होतं, त्याची खूण. त्यानंतर इंजिन गार झाल्याशिवाय त्यांनी कुणासाठीही झाकणाला हात लावला नाही. मालक शेजारी उभा राहून शिव्या देत असला तरी विडी ओढत बसायचे.

आणि त्यांचा डबा. ॲल्युमिनियमचा, पाच लिटरचा, वर कडी. लॉरीत पाण्यासाठी तो एकच. त्यातलंच रेडिएटरला, त्यातलंच स्वतःला. "जे पाणी आपण पिणार नाही ते इंजिनाला द्यायचं नाही," हा त्यांचा नियम. खारं पाणी आतून धातू खातं, हे त्याचं कारण. निदान मला तेव्हा तेवढंच कारण वाटायचं.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. मी सतरा वर्षांची. धारवाडला शिक्षिका होण्याच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता. आमच्यासाठी राखून ठेवलेल्या जागा थोड्या, आणि त्यातल्या एका जागेसाठी दुपारी दोन वाजता मुलाखत होती. नाव पुकारतील तेव्हा समोर नसलं की पुढच्या वर्षी या. मी तेव्हा अळणावरजवळ मावशीकडे होते आणि सकाळची बस आलीच नाही. अण्णा त्या दिवशी अळणावरहून बांबू भरून हुबळीला निघाले होते, धारवाडवरूनच. मावशीनं मला त्यांच्या शेजारी बसवलं. पायाशी माझी पिशवी, पिशवीत अर्जाची प्रत, दाखले आणि अप्पांच्या पत्रकांचा एक गठ्ठा. मुलाखत झाली की वाटायला. गठ्ठ्याला वरून जाड पुठ्ठा लावलेला आणि त्यावर नमुन्याचं पत्रक चिकटवलेलं, तेच वाक्य मोठ्या अक्षरात. सार्वजनिक पाणवठा सर्वांचा आहे.

एप्रिलचं ऊन. तासाभरात इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढला, आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. अण्णांनी गाडी बाजूला घेतली. समोर अर्ध्या फर्लांगावर एक गाव दिसत होतं. त्याचं नाव मी घेत नाही, कारण ते एकच गाव होतं असं कुणाला वाटायला नको. अण्णांनी बॉनेट उघडलं, वाफ जाऊ दिली, मग खाली वाकून, वर वाकून बघितलं. "रेडिएटर ठणठणीत हाय," ते म्हणाले. "इंजिनाच्या डोक्यावर पाइप बसतो नव्हं, तिथला गॅस्केट, सांध्यातली चकती, फाटलाय. पाणी सगळं तिथनं गेलं. कागदाचा गॅस्केट कापून बसवतो. पण पाणी लागंल." डब्यात तळाशी घोटभर राहिलं होतं. त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "जा, हातपंपावरनं आण. मी तवर कापतो."

पंपावर चार-पाच बायका होत्या. मी डबा लावला. एकीनं पंपाच्या दांड्यावर हात ठेवला, पण दाबला नाही. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सहज विचारलं, "कुणापैकी गं तू?"

हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. नाव नको असतं, गाव नको असतं. मी बारा वर्षं पत्रकांच्या घड्या घातल्या होत्या. त्या घड्यांतलं प्रत्येक वाक्य मला पाठ होतं. आणि माझ्या तोंडून जे आलं ते असं आलं, "देसायांची. धारवाडच्या."

दोन वाजायचे होते ना. मला वेळेवर पोचायचं होतं. ही कारणं मी नंतर जुळवली. त्या क्षणी कुठलंच कारण नव्हतं, जीभच तशी वळली.

"आगं मग उन्हात काय उभी ऱ्हातीस," ती बाई म्हणाली. तिनं स्वतः पंप मारला. डबा काठोकाठ भरला. दुसरीनं घरातून गुळाचा खडा आणून दिला, तो मी खाल्ला, वर त्यांच्याच तांब्यातून पाणी प्यायले. फार गोड पाणी होतं. ते खोटं कसं सांगू?

परत आले तेव्हा अण्णा खुशीत होते. माझ्या गठ्ठ्याचा पुठ्ठा त्यांनी काढून घेतला होता. तो पाइपाच्या तोंडावर ठेवून हातोडीच्या गोल डोक्यानं कडेकडेनं ठोकत त्यांनी नेमका आकार कापला, दोन्ही बाजूंनी ग्रीस फासलं आणि बसवला. "पत्रकबाई, तुझं पत्रक आज पहिल्यांदा कामाला आलं," ते म्हणाले. मी हसले. नट आवळले, पाणी ओतलं, इंजिन चालू केलं. एक थेंब नाही. साडेबारा झाले होते. वेळ होता.

तेवढ्यात ती पंपावरची बाई आली. डोक्यावर पदर, हातात पितळेचा पेला, पेल्यात ताक. "देसायांच्या ड्रायव्हरला म्हणून आणलं," ती म्हणाली. "लई ऊन हाय."

अण्णांनी इंजिन बंद केलं. पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुठल्या देसायांच्या?"

मी मान खाली घातली. तेवढंच पुरलं त्यांना. ते खाली उतरले, हात पुसले आणि त्या बाईला अगदी सरळ आवाजात म्हणाले, "वैनी, चूक झाली. मी परशुराम सिद्राम कांबळे. हुबळीचा. बौद्ध. ही आमच्या शेजारची पोरगी, आमच्यातलीच. आता ताक द्यायचं असंल तर द्या. मी पितो."

ती बाई तशीच उभी राहिली. वाईट बाई नव्हती ती, हे मी आजही म्हणेन. तिचा पेल्याचा हात थोडा पुढे आलासुद्धा. मग तिनं गावाकडे वळून पाहिलं, पेल्यावर पदर धरला आणि आली त्या वाटेनं परत गेली. धावली नाही. हळू गेली.

मला वाटलं, झालं, आता निघू. अण्णांनी गाडीखाली हात घातला आणि रेडिएटरच्या तळाची तोटी उघडली. इंजिन फार तापलं नव्हतं. पाणी भळाभळा रस्त्यावर आलं. माझ्या चपलांखालून वाहत गेलं.

"अण्णा, काय करालाय? दोनला मुलाखत आहे."

"ठाऊक हाय."

"पाणी पाणीच असतं की. कुणाच्या नावानं का आणेना."

ते उकिडवे बसले होते, तोटीकडे बघत. म्हणाले, "दुपारी तिथं कुठल्या नावानं जागा मागणार हायस? देसायांच्या?" मी ओल्यातून चपला मागे घेतल्या. "जे नाव सांगून खुर्चीत बसायचं, ते पंपावर लपवायचं. ही हळद झाली, पोरी. आतनं सगळं बंद पडतंय."

मी रडले. रागानं रडले. त्यांना म्हणाले, "तुमचं काय जातंय, मुलाखत माझी आहे." हे मी म्हणाले होते, आणि लपवायचं नाही असं ठरवून लिहायला बसले आहे म्हणून इथं लिहिते.

त्यांनी तोटी बंद केली, डबा घेतला, पान्यांची पिशवी घेतली आणि पंपाकडे निघाले. मीही मागून गेले. एव्हाना पंपापाशी पुरुष जमले होते. अण्णांनी आधी नाव सांगितलं, पूर्ण. मग म्हणाले, "गाडीला पाणी पाहिजे. आणि आमालाबी."

कुणी नाही म्हटलं नाही. कायदा आता सगळ्यांनाच माहीत असतो. धोतरवाला एक जण म्हणाला, "पंप बिघडलाय."

"कधीपास्नं?"

"आत्ताच."

अण्णांनी मान डोलावली, जणू फार वाईट बातमी ऐकली. "आरं आरं. उन्हाळ्याचं पंप बिघडणं म्हंजे गावाचे हाल की." ते खाली बसले आणि पान्यांची पिशवी उघडली. "नशीब तुमचं चांगलं. मी मेकॅनिकच हाय. दुरुस्त करूनच जातो."

पंप बिघडलेला नाही असं म्हणायची सोय गावकऱ्यांनी स्वतःच ठेवली नव्हती. अण्णांनी निवांत वरचं झाकण खोललं, आतली साखळी पाहिली, तिला पिशवीतलं ग्रीस लावलं, एक नट खरोखरच सैल होता तो आवळला. मी शेजारी उभी राहून पाने देत होते. घड्याळ माझ्या मनगटावर होतं आणि मी त्याकडे बघत होते. दीड वाजला. एक तरणा पुढे आला आणि दात आवळून म्हणाला, "पुरे की आता. घे पाणी आणि चालता हो."

"थांब रं दादा," अण्णा म्हणाले. "अर्धवट काम करत नसतो मी." झाकण लावलं, चारही बोल्ट आवळले. मग दांडा दाबला. तिसऱ्या झटक्याला पाणी आलं. आधी ते स्वतः ओंजळीनं प्यायले, सगळ्यांसमोर, सावकाश. मग मला म्हणाले, "पी." मी प्यायले. मग डबा भरला. निघताना धोतरवाल्याला म्हणाले, "मजुरी नको. पण पुन्हा बिघडला तर निरोप धाडा. नाव ध्येनात ऱ्हाईल नव्हं?"

धारवाडच्या वेशीवर, केळगेरीच्या तळ्यापाशी आलो तेव्हाच अडीच वाजले होते. मुलाखतीच्या जागी पोचले तोवर माझं नाव तीनदा पुकारून झालं होतं. कारकुनानं यादी दाखवली, नावावर रेघ होती. पुढच्या वर्षी या.

मी महिनाभर अण्णांशी बोलले नाही. भिंतीवरून हाक यायची, "पत्रकबाई..." आणि मी आत जायचे. माझं एक वर्ष त्यांनी खर्च केलं होतं, आणि ते त्यांनी खर्चायला नको होतं, असं मला अजूनही कधी कधी वाटतं. ते देव नव्हते. हट्टी होते. त्यांनी माफी मागितली नाही, समजूतही घातली नाही. एकदाच अप्पांना म्हणाले, "तिचं वरीस गेलं ते मी नेलं, मान्य. पण ते तिच्याच नावावर गेलंय."

त्या महिन्यात मी आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं. अप्पांची पत्रकं 'समाज', 'अन्याय', 'बांधवहो' अशी असायची. माझ्या पत्रकात एक हातपंप होता, एक पेला ताक होतं, एक खोटं बोललेली मुलगी होती आणि खाली तिचं पूर्ण नाव होतं. अप्पांनी वाचलं आणि नुसता चष्मा पुसला. मी ते घेऊन अण्णांच्या दारात गेले आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मोठ्या अक्षरात छाप," म्हणाले. "लॉरीतनं वाचता यायला पाहिजे." मग ती पत्रकं त्यांनी त्या रस्त्यावरच्या प्रत्येक गावात टाकली, त्या पंपाच्या गावात दोनदा. मालकाकडे तक्रार गेली. मालकानं विचारलं, तू गाडी चालवतोस का भांडणं? अण्णांनी किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली. पुढची सगळी वर्षं ते हुबळीजवळ तारिहाळच्या एका गॅरेजात रेडिएटर खोलत बसले. कधी पश्चात्ताप झाला का, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "झाला की. घाटातलं वारं लई आवडायचं मला."

पुढच्या वर्षी मला जागा मिळाली. माझ्याच नावावर.

त्या दिवसानंतर अण्णांनी डब्यावर नाव घालून घेतलं होतं. लॉऱ्यांवर नक्षी काढणाऱ्या पेंटरकडून, लाल रंगात, एका बाजूला मराठीत आणि खाली कानडीत. परशुराम सिद्राम कांबळे, हुबळी. कुठंही पाणी मागायची वेळ आली की डबा नावाची बाजू पुढे करून ठेवायचे. पुण्यानुमोदन झाल्यावर त्यांच्या बायकोनं, आमच्या शांताक्कानं, तो डबा मला आणून दिला. "त्यांनी सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "पत्रकबाईला द्या म्हणून."

केळगेरीला मी भाड्यानं राहते त्या खोलीपुढे छोटा कट्टा आहे. समोरून रस्ता जातो. उन्हाचं कुणी थांबलं तर प्यायला म्हणून मी तो डबा रोज सकाळी घासून भरून तिथं ठेवते, वर पेला. माणसं थांबतात. आधी नाव वाचतात. बरेच जण पितात. काही जण पेला उचलून परत ठेवतात आणि तहान तशीच घेऊन पुढे जातात. आत्ता हे लिहीत असतानाच घरमालकीण आल्या, माझ्याशी कायम प्रेमानं वागणाऱ्या. म्हणाल्या, "पुण्याचं काम आहे हो. फक्त डबा तेवढा फिरवून ठेवा. नाव भिंतीकडं."

मी त्यांना पेलाभर पाणी ओतून दिलं. त्यांनी तो हातात धरला आहे अजून... आणि डबा आहे तसाच आहे.